शेतकरी कामगार पक्ष आणि सात-बाराचा उतारा

शेतकऱ्याच्या नांवानें निघालेले पक्ष महाराष्ट्रांत थोडे झाले नाहींत. परंतु शेतकरी कामगार पक्षाइतका दीर्घकाळ टिकलेला व टिकूनही इतका आटलेला पक्ष क्वचितच आढळेल. १९५७ सालीं मुंबई राज्याच्या विधानसभेंत त्याचे ३१ सभासद होते. २०२४ सालीं महाराष्ट्र विधानसभेंत एकच निवडून आला. असें कां झालें, हें कळण्यास वाचकांनीं पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षां जमिनीचें दप्तर पाहावें, असें आमचें मत आहे.

पक्षाची स्थापना १९४७ सालची. केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदि मंडळींस काँग्रेसमध्यें धनिकांचें वजन वाढत चाललेलें दिसलें व पुढील सालीं ते तींतून बाहेर पडले. १९५० सालीं नाशिक जिल्ह्यांत दाभाडी येथें पक्षानें मार्क्सवादाचा अंगीकार करणारा प्रबंध मान्य केला. १९५२ च्या निवडणुकींत मुंबई विधानसभेंत १४ व हैदराबाद विधानसभेंत १० जागा मिळाल्या. मराठवाडा तेव्हां हैदराबाद राज्यांत होता. परंतु खुद्द जेधे १९५४ सालीं काँग्रेसमध्यें परतले. १९५७ चें यश मोठें खरें, पण त्यांत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेचा वांटा किती व पक्षाचा स्वतःचा किती, हें वेगळें काढणें कठीण आहे.

त्याच वर्षीं, १ एप्रिल १९५७ रोजीं, कूळकायद्यान्वयें कसणारा हा जमिनीचा मालक मानला गेला. आम्हीं महसुली नोकरींत असतांना जुने फेरफार पुष्कळ वेळां चाळले आहेत. कलम ३२ ग प्रमाणें किंमत ठरून कुळाचें नांव कब्जेदार म्हणून लागल्याच्या नोंदी वाचतांना मनांत येई कीं, या शाईनें जमीनदाराबरोबर त्याच्याशीं भांडणाऱ्या पक्षाचेंही अर्धें काम संपविलें. जो कालपर्यंत कूळ होता, त्यास आतां कर्ज, बियाणें व उसास कारखाना हवा झाला. आणि सोसायटी, जिल्हा परिषद व साखर कारखाना यांच्या किल्ल्या बहुतेक ठिकाणीं काँग्रेसच्या हातीं होत्या. शेतकऱ्यानें पक्ष सोडला असें म्हणण्यापेक्षां त्याची गरज बदलली, असें म्हणणें अधिक रास्त होईल. १९६२ सालीं १५, १९६७ सालीं १९ व १९७२ सालीं अवघे ७, असे आंकडे आहेत.

मध्यंतरीं एक उभारी आली. १९७७ सालीं लोकसभेंत ५ व १९७८ सालीं विधानसभेंत १३ जागा मिळाल्या, आणि शरद पवार यांच्या मंत्रिमंडळांत एन. डी. पाटील व गणपतराव देशमुख यांचा समावेश झाला. पण पक्ष खऱ्या अर्थानें टिकला तो जेथें भांडण गांवचेंच होतें तेथें. कुलाबा जिल्ह्यांत अलिबागजवळील चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं कुळांनीं १९३३ पासून सुमारें सहा वर्षें खोतांच्या जमिनी न कसतां पडीक ठेविल्या होत्या. ती पुण्याई पक्षाला अनेक निवडणुका पुरली. पुढें नवी मुंबईसाठीं जमिनी जाऊं लागल्या, तेव्हां दि. बा. पाटील लढले, जानेवारी १९८४ च्या गोळीबारांत पांच जण मृत्यूमुखीं पडले, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यांतून निघाली. मात्र भात पिकविणाऱ्याचा भूखंडवाला झाला कीं, लाल बावट्याशीं त्याचें नातें कशावर टिकावें? २०१९ व २०२४ या दोन्हीं निवडणुकांत रायगडांत पक्षास एकही जागा मिळाली नाहीं.

सांगोल्याची गोष्ट निराळी. तो तालुका कमी पावसाचा; तेथें जमिनीपेक्षां पाण्याचा प्रश्न मोठा, आणि तो कोणत्याही कायद्यानें एका दिवसांत सुटणारा नव्हता. गणपतराव देशमुख तेथून १९६२ पासून ११ वेळां निवडून आले. १९७२ सालीं ते पडले, १९९५ सालीं केवळ १९२ मतांनीं पडले, तरी दोन्हीं वेळां पुन्हा आले. सूतगिरणी त्यांनीं सहकारी तत्त्वावर उभी केली; म्हणजे जें हत्यार अन्यत्र पक्षाविरुद्ध गेलें, तें येथें पक्षाच्याच हातीं राहिलें. २०१९ सालीं त्यांचे नातू ७६८ मतांनीं हरले. २०२१ सालीं गणपतराव वारले. २०२४ सालीं त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख हे सांगोल्यांतून निवडून आले, आणि आरंभीं सांगितलेला तो एक सभासद म्हणजे हेच होत.