गाडी आधी काट्यावर चढवा

वेल्ह्याच्या पुढे एका ओढ्यात माझी थार अडकली, तेव्हा तिची उंची नुकतीच दोन इंचांनी वाढवून आणली होती. ओढा काही मोठा नव्हता. पात्रात एक तिरपी घळ होती. डावे पुढचे चाक घळीत उतरू लागले आणि मध्येच थांबले. खाली वीतभर जागा मोकळी आणि चाक हवेत. मागचे उजवे चाकही जमिनीला जेमतेम टेकलेले. ॲक्सिलरेटर दाबला की हीच दोन चाके गरागरा फिरत आणि भक्कम जमिनीवरची दोन नुसती उभी राहत. साध्या डिफरन्शियलचा हा स्वभावच आहे. तो दोन्ही बाजूंना सारखाच पीळ देतो. अधांतरी चाकाला फिरायला जोर लागत नाही, म्हणून टेकलेल्या चाकाच्या वाट्यालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ काहीच येत नाही. शेवटी शेजारच्या वावरातून ट्रॅक्टर आणला. दोर बांधता बांधता ट्रॅक्टरवाल्याने खाली वाकून पाहिले आणि विचारले, "दादा, गाडी उंच केली खरी, पण चाक खाली येतंय कुठं?"

इतके नेमके मला कुठल्याही दुकानात कुणी विचारले नव्हते.

२०१० ते २०२० या काळातल्या थारला पुढे टॉर्शन बार आणि मागे कमानपाटे असत. माझी त्यांतलीच. टॉर्शन बार म्हणजे पोलादाची सरळ कांब. तिचे एक टोक चॅसिसला, दुसरे चाकाच्या आर्मला. चाक वर गेले की कांब पिळली जाते आणि पीळ सोडताना चाकाला पुन्हा खाली ढकलते. चॅसिसकडच्या टोकाला एक बोल्ट असतो, तो आवळला की गाडीचे नाक वर उचलते. तासाभराचे काम, खर्च नगण्य आणि गाडी लगेच रुबाबदार दिसते. 'आता कडक झाली बघा,' असेही गॅरेजवाला सांगतो.

कडक झालेली नसते. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७६ मध्ये एक नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ मध्ये स्वतःच उलगडून सांगितला: स्प्रिंग जितकी ताणाल तितक्याच प्रमाणात तिचा जोर वाढतो. प्रत्येक सेंटिमीटरला किती जोर वाढेल, हे ठरते कांबेची जाडी, लांबी आणि पोलाद यांवर. बोल्टने यातले काहीच बदलत नाही. चाकाची उभे राहण्याची जागा तेवढी बदलते. समजा चाकाला वर-खाली मिळून १८ सेंटिमीटर वाव आहे आणि गाडी बरोबर मध्यावर उभी आहे. बोल्ट आवळून तुम्ही तिला पाच सेंटिमीटर उचलले, तर चाकाला खाली उतरायला नवाऐवजी चारच सेंटिमीटर उरले. घळीत चाक मध्येच थांबले ते यामुळे. आणि 'कडक' वाटते ते काय? प्रत्येक खड्ड्यात आर्म खालच्या टोकाला जाऊन आपटतो, तो दणका.

मागे त्याच गॅरेजने एक जादा पाटा घातला होता. हायवेकडेच्या एका पाटेवाल्याकडे गाडी नेली. पन्नाशी ओलांडलेला माणूस, दुकानात भट्टी आणि भिंतीला टेकवलेले ट्रकचे गंजके पाटे. त्याने गाडीखाली सरकून बोटांनी पाटे मोजले, जादा पाट्यावर नख ओढले आणि म्हणाला, "साहेब, हिला पाटा घालायचा नव्हता. आणि घातलाय तोपण जाड. बाकीचे पाटे आता कामच करत नाहीत." त्याच्या बोलण्यामागे साधे गणित आहे. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. दुप्पट जाडीचा एक पाटा तेवढ्याच लांबीच्या आठ पाट्यांइतका ताठ असतो. बसलेले पाटे लाल करून, ठोकून कमान वाढवून देतात, त्याबद्दलही मी त्याला विचारले. तो म्हणाला, गिऱ्हाईक मागतं म्हणून करतो, पण टिकत नाही. तेही खरे आहे. स्प्रिंगचे पोलाद तापवून, विझवून आणि पुन्हा बेताने तापवून तयार केलेले असते. लाल करून हवेत गार होऊ दिले की ते पाणी उतरते आणि गाडी पुन्हा बसते.

गुंडाळीच्या स्प्रिंगांची गोष्ट याहून नाजूक आहे. २०२० नंतरच्या थारला आणि जिम्नीला त्याच असतात. तिथे कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर जातो. तार फक्त दहा टक्के जाड केली तर स्प्रिंग ४६ टक्के ताठ होते. हा फरक डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. म्हणून खोक्यावरच्या 'हेवी ड्यूटी' या शब्दांवर माझा विश्वास नाही. एक मिलिमीटर दाबायला किती किलो लागतात, तो आकडा मागावा. जो विक्रेता तो सांगू शकत नाही, त्याच्याकडून स्प्रिंग घेऊ नये.

आकडा मिळाला तरी तो आपल्या गाडीला जुळतो की नाही, हे कळायला गाडीचे वजन लागते. इथेच बहुतेकांचे चुकते. माझ्या थारला लोखंडी बंपर, विंच, छतावर कॅरियर आणि मागे हत्यारांची पेटी अशी भर होत गेली होती. मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर कांद्याच्या दोन ट्रॉल्यांमागे नंबर लावला. काटेवाल्याला समजावून सांगितले की आधी फक्त पुढची चाके, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. त्याला गंमत वाटली असावी, पण त्याने तीन पावत्या नीट लिहून दिल्या. पुढे १०२० किलो, मागे १०९०. यातून चाके, ब्रेक आणि ॲक्सल यांचे वजन वजा करायचे, कारण ते स्प्रिंगवर नसून स्प्रिंगच्या खाली असते. उरते ते स्प्रिंगचे खरे ओझे. प्रवासाला जसे सामान भरतो तसे भरूनच काट्यावर जावे, नाहीतर रिकाम्या गाडीचे माप घेऊन लग्नाच्या वऱ्हाडाला स्प्रिंग निवडल्यासारखे होते.

ओझे आणि कडकपणा कळले की गाडी कशी डोलेल ते घरबसल्या काढता येते. वजनाखाली स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबली असेल तर गाडी सेकंदाला साधारण एक हेलकावा घेते, १० सेंटिमीटर दबली असेल तर दीडच्या थोडा वर. सेकंदाला एक-दोन हेलकावे आपले शरीर चालताना रोजच सोसते. चार ते आठच्या दरम्यान मात्र पोटातले अवयव त्याच तालावर हलू लागतात. फार ताठ स्प्रिंगांच्या गाडीतून उतरल्यावर आतडी पिळवटल्यासारखी वाटतात ती उगाच नव्हे.

हा हेलकावा थांबवणे शॉकअपचे काम. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत करते. शॉकअप ती तेलातून, बारीक छिद्रांतून दाबून उष्णतेत घालवतो. खराब रस्त्यावर तासभर गाडी चालवून शॉकअपला हात लावून पाहा, चटका बसतो. तेल तापले, त्यात हवा मिसळून फेस झाला की शॉकअप ढिला पडतो आणि गाडी होडीसारखी डोलू लागते. फ्रेंच अभियंता ख्रिस्तियाँ द कार्बों यांनी एकाच नळीच्या शॉकअपमध्ये तेलाला दाबाखालच्या वायूची जोड दिली. १९५०च्या दशकात बिल्स्टाइन कंपनीने तसे शॉकअप मर्सिडीजसाठी बनवले. अशा शॉकअपमध्ये फेस धरत नाही आणि एकच भिंत असल्याने उष्णताही लवकर बाहेर जाते. पण दगड लागून त्या भिंतीला पोचा पडला तर आतला पिस्टन अडकतो. दोन नळ्यांचा जुना प्रकार असा पोचा सोसतो. सह्याद्रीत दगडधोंड्यांतून सावकाश जाणाऱ्याला दोन नळ्यांचा चांगला शॉकअप पुरतो, असे माझे मत आहे. मैलोन्मैल खडबडीत रस्त्यावरून वेगाने जाणाऱ्याने वायूचा घ्यावा. कोणताही घेतला तरी तो स्प्रिंगला जुळला पाहिजे. स्प्रिंग ४६ टक्के ताठ केली तर हेलकावा पूर्वीसारखाच आवरायला शॉकअप साधारण २१ टक्के जोरकस लागतो. स्प्रिंग नवी आणि शॉकअप जुना ठेवला तर गाडी उड्या मारते.

उंचीबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मागे अखंड ॲक्सल असेल तर स्प्रिंगने गाडी कितीही उचला, डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून तेवढ्याच अंतरावर राहतो. तो चाकांबरोबर उभा असतो. तो वर न्यायचा तर मोठे टायर घालावे लागतात, आणि टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला की गोळा एक इंचाने वर जातो. गुरुत्वमध्य मात्र स्प्रिंगबरोबर लगेच वर सरकतो. डाव्या-उजव्या चाकांत १५० सेंटिमीटर अंतर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर असेल, तर गाडी कागदावर ४७ अंशांना कलंडते. पाच सेंटिमीटर उचलली की ४५ अंशांना. प्रत्यक्षात ती याहून आधीच कलंडते, कारण उतारावर स्प्रिंग आणि टायरही एका बाजूला दबतात. शिवाय उंची वाढली की ब्रेकच्या नळ्या ताणतात, पुढच्या शाफ्टचे सांधे वाकड्या कोनात फिरतात, अलाइनमेंट बिघडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले. मूळ मापाचे, पण चांगल्या प्रतीचे शॉकअप आणि बुश घालण्यातच भले आहे, असे मी सांगेन.

पाटेवाल्याने जादा पाटा काढला, बाकीचे सोडवून घासले, ग्रीस लावले, झिजलेले बुश बदलले. टॉर्शन बारचे बोल्ट मी मूळ जागेवर आणले. गॅरेजने मागे जास्त लांबीचे शॉकअप बसवले होते, ते काढून मूळ लांबीचे घेतले. कामाआधी गावाबाहेरच्या मुरमाच्या ढिगाऱ्यावर मागचे एक चाक हळूहळू चढवून, त्याच बाजूचे पुढचे चाक कधी सुटते ते टेपने मोजले होते. तेव्हा मागचे चाक ३१ सेंटिमीटर चढताच पुढचे उचलले जाई. आता त्याच ढिगाऱ्यावर ४३ सेंटिमीटरपर्यंत चारही चाके टेकलेली राहतात, आणि गाडी पूर्वीपेक्षा बुटकी दिसते. पुढच्या आठवड्यात छतावरचा कॅरियर उतरवून पुन्हा काट्यावर जाणार आहे.