विश्लेषण : क्लबमध्ये न झालेला ‘लाइव्ह’ अल्बम आजही का ऐकला जातो?

मुखपृष्ठावर ‘लाइव्ह ॲट द क्लब’ असे छापलेले, सोबतच्या मजकुरात शिकागोतील क्लबचा उल्लेख. प्रत्यक्षात हे ध्वनिमुद्रण त्या क्लबमध्ये झालेच नव्हते! तरीही कॅननबॉल ॲडर्ली क्विंटेटचा ‘मर्सी, मर्सी, मर्सी!’ हा जॅझमधील सर्वाधिक लोकप्रिय अल्बमपैकी एक ठरला. असे का झाले?

क्विंटेटमध्ये कोण होते?

क्विंटेट म्हणजे पाच वादकांचा ताफा. ऑल्टो सॅक्सोफोन वाजवणारे ज्युलियन ‘कॅननबॉल’ ॲडर्ली हे त्याचे प्रमुख. ते आधी फ्लोरिडात शाळेत संगीत शिकवत. धाकटा भाऊ नॅट कॉर्नेटवर, जो झाविनुल पियानोवर, व्हिक्टर गॅस्किन बासवर आणि रॉय मॅकर्डी ड्रम्सवर.

मग ध्वनिमुद्रण कुठे झाले?

१९६६ मध्ये हॉलिवूडच्या कॅपिटल स्टुडिओत. निर्माते डेव्हिड ॲक्सलरॉड यांनी तिथे श्रोत्यांना बोलावले, मद्याचीही सोय केली. क्लबचे नाव छापले ते ॲडर्ली यांच्या मित्राच्या क्लबला प्रसिद्धी मिळावी म्हणून. जागा खोटी होती. टाळ्या आणि आरोळ्या मात्र खऱ्या.

शीर्षकरचनेत वेगळे काय?

ती झाविनुल यांची. जन्म व्हिएन्नाचा, पण चालीवर छाप कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल गायनाची. सुरुवातीला ॲडर्ली संकटांना तोंड देण्याविषयी श्रोत्यांशी बोलतात आणि मग संथ, गुणगुणता येईल अशी धून सुरू होते. झाविनुल इथे वुर्लिट्झर हा इलेक्ट्रिक पियानो वाजवतात. त्यात तारांऐवजी धातूच्या पट्ट्यांवर हातोड्या आपटतात आणि त्यांच्या कंपनांचे विद्युत संकेतात रूपांतर होते. म्हणून आवाज उबदार, किंचित खरखरीत.

विशेष म्हणजे, या रचनेत सॅक्सोफोनचा स्वतंत्र सोलो नाही. दोघे भाऊ फक्त मूळ धून वाजवतात. प्रमुखाने मागे राहून चालीला पुढे केले, हेच तिचे बळ.

प्रतिसाद कसा मिळाला?

शब्द नसलेली ही रचना १९६७ मध्ये बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत ११ व्या क्रमांकावर पोहोचली. त्याच वर्षी ‘द बकिंगहॅम्स’ने गायलेली आवृत्ती पाचव्या स्थानी गेली. अल्बमला ग्रॅमीही मिळाला.

सुरुवात कुठून करावी?

जॅझ ‘डोक्यावरून जाते’ असे वाटत असेल, तर आधी शीर्षकरचना ऐका. मग ‘फन’मध्ये ॲडर्लींचा सॅक्सोफोन मोकळा सुटलेला ऐकू येईल. शेवटी ‘सॅक ओ’ वो’. नावाचा अर्थ ‘दुःखाचे पोते’. पण ऐकताना पाय आपोआप ठेका धरतो.