मागणं आणि राबणं

ग्वाल्हेरातल्या मराठी घरांत ख्रिस्ती धर्माचा विषय क्वचितच निघतो. निघालाच, तर मुरारच्या छावणीतली जुनी चर्चं आणि जयविलास राजवाड्याचा आराखडा करणारा मायकेल फिलोज, यांच्यापुढे गाडी सरकत नाही. राजवाडा १८७४चा, आणि फिलोज घराणं शिंद्यांच्या चाकरीतलं, मूळ इटलीचं, कॅथलिक. पण या शहरावरून आणि आसपासच्या मुलखातून अशीही माणसं गेली, ज्यांना आयुष्यभर एकाच प्रश्नाशी झटावं लागलं. देवाजवळ मागायचं, तर स्वतः कशाला खपायचं? आणि सगळं आपल्याच खपण्यावर असेल, तर मागायचं तरी कशाला?

अकबराच्या बोलावण्यावरून १५७९च्या नोव्हेंबरात तीन जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे पाद्री, गोव्याहून निघाले : रुडोल्फ अक्वाविवा, अँटनी मॉन्सेराट आणि फ्रान्सिस हेन्रिकेस. सुरत, मांडू, उज्जैन, सिरोंज, नरवर आणि मग ग्वाल्हेर असा त्यांचा रस्ता होता. मॉन्सेराट नरवरला आजारी पडून मागे राहिला आणि उशिरा फत्तेपूर सिक्रीला पोचला. बादशहाने त्यांचं सगळं ऐकलं, वाद घातले, पण तो ख्रिस्ती झाला नाही. तीन वर्षांनी अक्वाविवा गोव्याला परतला आणि १५८३च्या जुलैत कुंकळ्ळीला मारला गेला. त्याच १५७९ साली त्याच संघाचा इंग्रज थॉमस स्टीफन्स गोव्यात उतरला होता. त्याने इथली भाषा अंगी मुरवली, ओवी हातात घेतली, आणि १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापून झालं. दोघांचा संघ एक, प्रार्थनेची शिस्तही एक. एकाच्या हाताला जे हवं होतं ते लागलं नाही, दुसऱ्याने चार शतकं टिकणारा ग्रंथ दिला. यातल्या कोणाची प्रार्थना ‘फळली’ असं विचारणं मला चुकीचं वाटतं. फळाच्या मापाने प्रार्थना मोजायची सवय आपल्याला इतकी जडली आहे की दुसरं माप सुचतच नाही.

ख्रिस्ती परंपरेत हा झगडा फार जुना आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलेजियस म्हणत होता की माणूस मनावर घेईल तर स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो. ऑगस्टिनने त्याला कडाडून विरोध केला : चांगलं व्हावंसं वाटणं हीसुद्धा देवाची कृपाच. चर्चने ऑगस्टिनचा पक्ष उचलून धरला. सोळाव्या शतकात हेच भांडण ल्यूथरच्या निमित्ताने युरोपभर पेटलं. कॅथलिक आणि ल्यूथरपंथी चर्चांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्ग इथे संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, तेव्हा कुठे त्यावर बरंचसं एकमत झालं. तारण कृपेने मिळतं, सत्कर्मं हे त्या कृपेचं फळ, असा त्याचा गाभा. म्हणजे कष्ट ही देवाकडून वसूल करायची मजुरी नव्हे. आणि प्रार्थना हा कष्ट चुकवायचा परवाना नव्हे, ही बाजू उपासनेत कमी सांगितली जाते, म्हणून ती इथे मुद्दाम मांडतो.

ग्वाल्हेरशी थेट नातं असलेला माणूस बंगाली होता. भवानीचरण बॅनर्जी, पुढचे ब्रह्मबांधव उपाध्याय. देश सोडवायचा तर तलवार हवी, या ध्यासाने हा पोरगा घरातून पळाला आणि युद्धविद्या शिकायला शिंद्यांच्या लष्करात शिरण्याच्या आशेने इथे आला. जी आग त्याला हवी होती, ती इथल्या छावणीत त्याला सापडली नाही. पुढे १८९१ साली तो ख्रिस्ती झाला, भगवी वस्त्रं ल्यायला आणि ‘वंदे सच्चिदानंदम्’ हे संस्कृत स्तोत्र रचून त्याने त्रैक्याची उपासना वेदान्ताच्या शब्दांत बांधली. पण हातातलं काम त्याने टाकलं नाही. शाळा काढली, ‘संध्या’ हे दैनिक चालवलं, राजद्रोहाच्या खटल्यात अडकला आणि खटला चालू असतानाच १९०७ साली वारला. लष्करात भरती व्हायला आलेला मुलगा आणि स्तोत्र रचणारा संन्यासी ही दोन वेगळी माणसं नाहीत. त्याच्या प्रार्थनेने त्याची ऊर्मी विझवली नाही, तिला वळण दिलं.

झाशीजवळ जन्मलेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांची तऱ्हा वेगळी. काशीत वाढलेला हा चित्पावन पंडित १८४८ साली ख्रिस्ती झाला आणि त्याने षड्दर्शनांवर हिंदीत टीकाग्रंथ लिहिला. पण श्रद्धेची वाट त्यांना कधी सपाट लागली नाही. शंका येत राहिल्या आणि उपास, जागरण, प्रार्थनाही चालू राहिल्या. शंका फिटल्यावर प्रार्थना करू, असं त्यांनी म्हटलं नाही. माझ्या मते प्रार्थनेतला सर्वांत अवघड प्रयत्न हाच.

पंडिता रमाबाईंवर गोऱ्ह्यांचा मोठा प्रभाव पडला, आणि या सगळ्या प्रश्नाचं मराठीतलं सर्वांत भरीव उदाहरण रमाबाईच. आपल्या साक्षीत त्या लहानपणाबद्दल स्पष्ट लिहितात : वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराण सांगत, घरातला पैसा दानधर्मात आणि अनुष्ठानांत जाई, देव प्रसन्न होऊन धन देईल अशी वाट पाहिली जाई. पोटासाठी काही धंदा करावा हे शिक्षणच नव्हतं, आणि हलकं काम करणं अभिमानाला मानवत नव्हतं. १८७४च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील गेले. हा हिशेब त्यांनी स्वतःच्या घराचा मांडला. पण ‘मी उपास केला, आता तू दे’ ही सौदेबाजी ख्रिस्ती घरांतही कमी नाही. नवस बोलावा तशी उपवास-प्रार्थना करणारे मी पाहिले आहेत.

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ हा आश्रम उभा राहिला. तिथला दिवस प्रार्थनेने सुरू होई. त्याच दिवसात विहिरी, शेती, गाईम्हशी, माग, तेलघाणा आणि छापखाना चाले. १९०५च्या जानेवारीत त्यांनी रोज प्रार्थनेला जमण्याची हाक दिली तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या, आणि त्या वर्षीच्या संजीवनाची, म्हणजे प्रार्थनेत रडत-भारावत उसळलेल्या धर्मजागृतीची, कथा जगभर गेली. लोक त्या रडण्याबद्दल, त्या उत्साहाबद्दल बोलतात. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की त्या दिवसांतही शेकडो तोंडांना घास लागतच होता, आणि दळण कोणी देवावर सोडलं नव्हतं. लहानपणी जे हलकं वाटत होतं, तेच काम इथे उपासनेच्या शेजारी येऊन बसलं.

ख्रिस्ताने गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवलं, आणि तो टळला नाही. ख्रिस्ती प्रार्थनेचा अर्थ मला तिथे सर्वांत उघड दिसतो. मागणं मोकळेपणी मांडायचं, आणि उत्तर हवं तसं आलं नाही तरी उठून पुढे जायचं. रमाबाईंनाही ते सोसावं लागलं. मुक्तीचं काम जिच्या हाती सोपवायचं, ती मुलगी मनोरमा १९२१ साली वारली. तेव्हा रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतः केलेल्या मराठी बायबलच्या कामात बुडालेल्या होत्या. अडाणी खेडूत बाईला कळेल असं भाषांतर त्यांना हवं होतं. त्यासाठी उतारवयात त्या दोन्ही भाषा शिकल्या होत्या. खिळे जुळवणं, छापणं, बांधणं हे सगळं मुक्तीच्याच बायकामुलींनी केलं. मुक्तीत सांगतात की दुखणं वाढल्यावर त्यांनी देवाजवळ आणखी दहा दिवस मागितले, प्रुफं तपासून पुरी करायला. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, तेव्हा तपासणी हातावेगळी झालेली होती. त्यांनी आराम मागितला नाही, बरं होणंही मागितलं नाही. काम संपवायला वेळ मागितला.

ते बायबल १९२४ साली बाहेर पडलं. मराठी मंडळ्यांत ते फारसं रुळलं नाही. उपासनेत वाचलं जातं ते दुसरंच भाषांतर. इतकी वर्षं खपून, इतकी विनवणी करून हाती आलेलं पुस्तक लोकांनी बाजूला ठेवलं. ग्वाल्हेरवरून गेलेल्या मॉन्सेराट आणि अक्वाविवा यांच्याही पदरी शेवटी याहून वेगळं काही पडलं नव्हतं. तरी रमाबाईंच्या त्या भाषांतराची पानं आजही अभ्यासक उघडतात, आणि तिथली मराठी वाचताना कळतं की ही बाई एकेका शब्दाशी किती वेळ बसली असेल.