माध्यमिक शाळेचा दर्जा कशाने मोजावा?

शिरूर व दौंड या तालुक्यांत, अन्यत्रांप्रमाणेच, शाळेची प्रतिष्ठा बहुधा एकाच आकड्यावर तोलली जाते : शालान्त परीक्षेचा शेकडा निकाल. १९६६ साली स्थापन झालेल्या राज्य मंडळाच्या या परीक्षेचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु हा आकडा परीक्षेस बसलेल्यांचाच हिशेब देतो, हे विसरता कामा नये. समजा, एका शाळेत नववीच्या पटावर १०० मुले होती. पुढे त्यांपैकी ७० दहावीच्या परीक्षेस बसली व ६३ उत्तीर्ण झाली. निकाल शेकडा ९० लागला. उरलेली ३० मुले अन्यत्र गेली, शिक्षणच सोडून बसली, की दुर्बल म्हणून त्यांस १७ नंबरचा अर्ज भरावयास लावून बाहेरून बसविले, याविषयी तो आकडा मौन पाळतो.

दुसरा प्रश्न आरंभबिंदूचा. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत. परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांची मुले येथे शिकतात. ज्यांची घरची भाषा मराठी नाही, त्यांस पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी दुप्पट दूरची वाटते.

म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात : नववीच्या पटाशी उत्तीर्णांचे प्रमाण, प्रवेशसमयीची पातळी, आणि अपठित उतारा वाचून त्याचा आशय स्वतःच्या शब्दांत सांगण्याची शक्ती. या मापाने काही नामांकित शाळा खाली उतरतील. परंतु जी शाळा दुर्बलांस दारातून परत धाडीत नाही, तिला न्याय मिळेल.