चाखणीची वही

नारायणगाव, नाशिक आणि अकलूज. मराठी मुलखातल्या लाल वाइनचा गेल्या पाव शतकाचा प्रवास या तीन नावांभोवती फिरतो. त्यातला बराचसा माझ्याकडच्या एका वहीत उतरला आहे. वही माझी, चवी मित्रांच्या. कारण मी स्वतः पीत नाही. आमचं घर कपिलधारच्या वाटेवरचं, बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळचं. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीला पायी जायचं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. गळ्यात इष्टलिंग आहे आणि न पिण्याचा नेम मी मनापासून पाळतो. पुण्यात शिकताना जमलेले मित्र पुढे नोकरीला लागले आणि घरीच चार-पाच लाल वाइन शेजारी शेजारी ठेवून चाखायला लागले, तेव्हा बाटल्या झाकायचं, ओतायचं आणि लिहून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. कुठल्या पेल्यात काय आहे हे ज्याला ठाऊक असतं त्याने चव सांगायची नसते. तो मान त्यामुळे आपसूकच माझा झाला.

रीत पहिल्यापासून तीच आहे. बाटल्या वर्तमानपत्रात गळ्यापर्यंत गुंडाळायच्या, वर आकडा घालायचा. पेले एकाच घाटाचे, तळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळते. प्रत्येकात जेमतेम तीन-चार घोट. टेबलावर पांढरी चादर, कारण रंग पांढऱ्यावरच कळतो: पेला तिरपा धरला की कडेला जांभळी झाक दिसली तर वाइन कोवळी, विटकरी दिसली तर वय झालेलं. थुंकायला वेगळं भांडं. आधी वास, मग घोट, आणि सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. हा शेवटचा नियम सर्वांत मोलाचा. एकाने मोठ्याने ‘जांभूळ’ म्हटलं की उरलेल्या सगळ्यांना जांभूळच लागतं.

वास मीही घेतो. तेवढ्यावरून बरंच समजतं, हे मी अनुभवाने सांगतो.

वहीची सुरुवात २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. त्याआधी महाराष्ट्रात लाल वाइन म्हणजे नारायणगाव. शामराव चौगुले यांनी तिथे १९८०च्या दशकात इंडेज उभी केली. फेसाळत्या वाइनमुळे तिचं नाव परदेशातही झालं आणि ‘रिव्हिएरा’सारख्या लाल बाटल्या पुण्या-मुंबईच्या दुकानांत आल्या. कर्नाटकात नंदी हिल्सच्या पायथ्याशी ग्रोव्हर कुटुंबाने फ्रान्सच्या मिशेल रोलां यांच्या सल्ल्याने ‘ला रिझर्व्ह’ काढली होती. नाशिकला गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांनी लावलेल्या सुलाच्या बागेतली पहिली वाइन २००० साली निघाली, पण ती पांढरी. लाल मागून आली. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, इथल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कातून सूट दिली, विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क आखले. निफाड-दिंडोरीकडे खायच्या द्राक्षांशेजारी शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्योंची कलमं लागू लागली.

त्या पहिल्या पानांवर एकच शब्द पुन्हा पुन्हा आलाय: ढोबळी मिरची. कॅबर्नेच्या जवळपास प्रत्येक पेल्यासमोर. त्याच्या जोडीला घशात जाणारी ऊब आणि जिभेवर खरखर. फळाचा वास मागे आणि हिरवा वास पुढे.

याचं कारण आम्हाला आमच्यातल्याच निफाडच्या मित्राने उलगडून सांगितलं. त्याच्या घरी तीन पिढ्यांची द्राक्षबाग. युरोपात वेल थंडीत झोपते, वसंतात फुटते, आणि फळ उन्हाळ्याकडून शरदाकडे, म्हणजे गरमीतून गारव्यात पिकत जातं. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, आणि मणी पिकतात ते जानेवारीपासून मार्चपर्यंत. म्हणजे बाग थंडीतून उन्हाळ्यात शिरत असताना. शेवटच्या आठवड्यांत साखर झपाट्याने चढते, आंबटपणा उतरतो, आणि साल व बी मात्र अजून तयार नसतात. साखर मोजून तोड केली की मद्यार्क पुरेसा येतो, पण तुरटपणा कच्चा राहतो आणि कॅबर्नेच्या सालीतला तो हिरवा वासही पुरता जात नाही. थांबावं तर आंबटपणा हातचा जातो.

“साखर आली म्हणजे मणी पिकला असं नसतं रे,” तो म्हणाला होता. “बी चावून बघ. हिरवी नि चिवट लागली तर थांब. तपकिरी झाली, दाताखाली कट्कन मोडली, की तोड.”

त्यानंतर वही वाचायची माझी पद्धतच बदलली. पेल्यातला प्रत्येक दोष मला फेब्रुवारीतल्या कुठल्यातरी निर्णयापाशी जाताना दिसू लागला. एका झाडावर किती घड ठेवले, पानं किती काढली, पहाटे गारव्यात तोडलं की दुपारी. कारखान्यातल्या लाकडी पिंपांबद्दल लोक भरभरून बोलतात, पण लाल वाइन आधी बागेत ठरते, हे माझं ठाम मत या वहीमुळे झालेलं आहे.

दुसरी गोष्ट तापमानाची. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला थंड देशांतल्या दगडी घरांसाठीचा आहे. तिला साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअस मानवतं. पुण्यात एप्रिलमध्ये खोली तिशीच्या पुढे असते, बीडला त्याहून वर. त्या उकाड्यात चांगल्या वाइनमध्येही मद्यार्काची वाफ नाकात घुसते आणि फळ हरवतं. एका उन्हाळ्यात एकाच वाइनच्या दोन बाटल्या मी वेगवेगळे आकडे घालून ठेवल्या. एक कपाटातली, दुसरी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेली. सगळ्यांनी त्या दोन वेगळ्या वाइन मानल्या, आणि गार केलेली महागातली असणार असं बहुतेकांनी लिहिलं. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक लाल बाटली आधी फ्रिजमध्ये जाते. ‘आपल्याकडची लाल जड लागते’ अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा करून पाहावं असं मला कळकळीने वाटतं.

खाण्याचंही तसंच. तिखट चिवडा समोर असला की तुरटपणा दुप्पट वाटतो आणि घसा जळतो. भाकरी, भाजलेले शेंगदाणे, बेताच्या तिखटाचं मटण, एवढ्यावर आमचं भागतं. मटणाची चरबी तुरटपणाला मऊ करते.

वहीत २००९ ते २०११ची पानं विरळ आहेत. २००८ची मंदी आणि मुंबईवरचा हल्ला यांनी हॉटेलं ओस पडली, टाक्यांमध्ये वाइन साठून राहिली, आणि नाशिक भागात कित्येक शेतकऱ्यांनी वाइनची द्राक्षं उपटून पुन्हा थॉमसन, सोनाका ही खायची द्राक्षं लावली. इंडेजही त्या काळात कोसळली ती पुन्हा उभी राहिली नाही. निफाडच्या मित्राच्या घरची शिराझची बागही तेव्हाच गेली. त्या वर्षी तो बैठकीला आला, पण त्याने काही लिहिलं नाही.

त्याच सुमारास अकलूज पुढे आलं. आमच्या बीडकडच्या टोळ्या दसऱ्यानंतर ऊसतोडीला ज्या पट्ट्यात जातात, तोच हा नीरेकाठचा, कारखान्यांचा पट्टा. तिथे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची, अशा भावांच्या तीन जोड्यांनी मिळून फ्रातेल्ली उभी केली. वाइन घडवायला तोस्कानाचे पिएरो मासी आले. सांजोव्हेजे आणि कॅबर्नेच्या मिश्रणाची ‘सेत्ते’ आमच्या टेबलावर पहिल्यांदा आली त्या रात्रीच्या नोंदी मी अजून अधूनमधून वाचतो. करवंद, सुका खजूर, चामडं. ढोबळी मिरचीचा उल्लेख नाही. आंबटपणा जिवंत, आणि तुरटपणा शेवटपर्यंत एकसारखा. उसाच्या मुलखात, उसापेक्षा कितीतरी कमी पाण्यात, हे निघालं याचं मला बीडचा माणूस म्हणून विशेष अप्रूप आहे.

पुढच्या पानांवर वाण वाढत गेले. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या रेव्हेलोची नेरो दाव्होला, दिंडोरीकडच्या चारोसाची तेम्प्रानियो, यॉर्कची ‘आरोस’, सुलाची ‘रासा’ शिराझ. शिराझमध्ये आमच्या मंडळींना हमखास काळी मिरी सापडते. तिच्यामागचा रोटंडन नावाचा रेणू ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली ओळखला, आणि तो खऱ्या मिऱ्यातही असतो. म्हणजे ती मंडळी कल्पनेत रमत नव्हती. हळूहळू माझी खात्री होत गेली की आपल्या भागाला कॅबर्नेपेक्षा शिराझ आणि दक्षिण युरोपातले ऊन सोसणारे वाण जास्त मानवतात. कॅबर्ने आपण लावली ती बहुधा नावासाठी. तो हट्ट जितका कमी होईल तितकं बरं.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला मान्यता दिली. प्रार्थनास्थळं आणि शाळांजवळची दुकानं त्यातून वगळली होती. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि निर्णय प्रत्यक्षात आला नाही. या वादात दोन्ही बाजूंची माणसं माझ्या घरचीच आहेत. कपिलधारच्या वाटेवर अशी बाटली दिसू नये असं मलाही वाटतं, आणि निफाडच्या बागेतल्या द्राक्षाला रास्त भाव मिळावा असंही तितकंच वाटतं. पण त्या चर्चेत बागेबद्दल, चवीबद्दल कुणी फारसं बोललं नाही, याची रुखरुख राहिली.

त्याच वर्षाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार लागू झाला. पाच डॉलरच्या वरच्या बाटल्यांवरचं १५० टक्के आयात शुल्क १०० वर आलं, पंधरा डॉलरच्या वर ७५, आणि ते टप्प्याटप्प्याने आणखी उतरणार आहे. परिणाम आमच्या टेबलावरही दिसतोय. मागच्या बैठकीत मी नाशिकच्या दोन शिराझ, अकलूजची एक आणि साधारण त्याच किमतीच्या ऑस्ट्रेलियन दोन, अशा पाच बाटल्या गुंडाळल्या. ऑस्ट्रेलियाची एक सगळ्यांनी ओळखली, जरा जास्त गोडसर म्हणून. दुसरी पहिली आली. नाशिकची एक तिच्या पाठोपाठ दुसरी, आणि तिला पहिलं ठेवणाऱ्या दोघांपैकी एक निफाडचा होता. कागद काढल्यावर त्याने बाटली फिरवून मागचा मजकूर वाचला, गाव पाहिलं आणि फोन काढून घरी भावाला विचारलं, विहिरीलगतचा तो रिकामा तुकडा अजून तसाच आहे का.