रांगेतला चौथा माणूस

२९ मार्च २०२५ ला शनिवार आणि अमावस्या एकत्र आली आणि त्याच दिवशी शनीने कुंभ सोडून मीन धरली. साडेसातीतून मकरवाले सुटले, मेषवाले तिच्यात अडकले. शनिशिंगणापूरच्या बिनदाराच्या घरांवर पुष्कळ लिहून झाले आहे. मला तिथल्या रांगेत साथरोगशास्त्र दिसते.

रांगेत विचारा, ‘साडेसाती कुणाकुणाला?’ बरेच हात वर येतील. ही झाली एका वेळची पाहणी, क्रॉस-सेक्शनल. पण बारांपैकी तीन राशींना साडेसाती कायमच असते. म्हणजे कुठल्याही गर्दीत साधारण दर चौथा माणूस. शिवाय त्रास झाला म्हणून तेल घेऊन आलेल्यांवरून घरी मजेत बसलेल्या मेषवाल्याचा हिशेब कसा लावणार?

मग उलटीकडून जाऊ. हार्ट अटॅक आलेले शंभर आणि त्याच वयाचे, त्याच गावचे धडधाकट शंभर घ्या, दोघांच्या पत्रिका काढा. हा केस-कंट्रोल. दोन्हीकडे पंचवीस-पंचवीस निघाले, तर शनी निर्दोष सुटला. पत्रिकेऐवजी तंबाखूबद्दल विचाराल तर गोची होते: आजारी माणूस मागचे सगळे खोदून काढतो, धडधाकट विसरून जातो.

पत्रिकेची परीक्षा तर पुण्यात झालीही आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० तपासल्या. कोणती कुणाची, हे त्यांना ठाऊक नव्हते. सगळी गंमत या झाकण्यात आहे. बरोबर उत्तरे ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी पन्नासच्या आसपास आली असती!

तेल वाहून फरक पडतो का, हे पाहायला चिठ्ठ्या टाकून निम्म्या भाविकांना ‘तुम्ही वाहू नका’ म्हणावे लागेल. कोण ऐकणार? उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवात, मात्र ५२ गावसमूह असेच दैवावर सोडून चार गटांत वाटले गेले. सव्वा लाखावर स्त्रिया. एकदाच एचपीव्ही या विषाणूची चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे, हे २००९ मध्ये जगाला कळले. तुलनेसाठी नेहमीच्या सेवेवर सोडलेल्या गावांतल्या बायकांचे काय, हा प्रश्न मला अजून बोचतो.

राहिला कोहोर्ट. त्यासाठी मेषवाले आयतेच मिळाले आहेत. त्यांची आणि शेजारच्या कर्क-सिंहवाल्यांची दुखणी आजपासून एकाच वहीत लिहीत जायची, कुणाची रास न पाहता. वही २०३२ पर्यंत पुरायला हवी.