पाण्याची वाट आणि समाजाचे आरोग्य

रोग झाल्यावर उपचार करण्यापेक्षा तो होऊ न देणे श्रेयस्कर, हे आपण रुग्णांना नित्य सांगत असतो. शहराच्या पुरालाही हाच न्याय लागू पडतो. फरक इतकाच की, तेथे प्रतिबंधाची वेळ पाऊस पडण्याच्या कित्येक वर्षे आधी, जमिनीचा नकाशा आखला जातो तेव्हाच येते. उसाच्या शेतांतून नवनव्या सोसायट्या उभ्या राहत असलेले आपले कामरेज आज नेमके त्या टप्प्यावर आहे. म्हणूनच हा विषय अभियंत्यांवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही.

दोन पूर, दोन कारणे

आपल्या परिसरात पूर दोन प्रकारांनी येतो. त्यांची गल्लत झाली की उपायही चुकतो.

पहिला पूर तापीचा. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावणारी ही नदी ७२४ किलोमीटर वाहते. तिच्या सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरच्या खोऱ्यापैकी जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. आपल्यापैकी अनेकांचे आप्त जळगाव-धुळ्याकडे आहेत. त्यांच्या शिवारात पडलेला पाऊसच पुढे उकाईच्या जलाशयात येतो. १९७२ मध्ये पूर्ण झालेले हे धरण सिंचन, वीज आणि पूरनियंत्रण अशी तिन्ही कामे करते. आणि अडचण तेथेच आहे. सिंचनासाठी जलाशय भरलेला हवा, तर पूर अडवण्यासाठी त्यात जागा रिकामी हवी. ऑगस्ट २००६ मध्ये सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा बहुतांश भाग जलमय झाला. या पुरावरचे उपाय म्हणजे जलाशयाच्या पातळीचे काटेकोर वेळापत्रक, वरच्या खोऱ्यातील पावसाची त्वरित वार्ता, वेळेवर इशारा आणि भक्कम पाळे.

दुसरा पूर खाड्यांचा. मराठीत खाडी म्हटले की समुद्राचे आत शिरलेले पाणी डोळ्यांपुढे येते. सुरतेत मात्र पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या ओढ्यालाही खाडीच म्हणतात. कामरेज, पलसाणा, बारडोली या बाजूंचे पाणी मीठी, कोयली, भेदवाड, कांकरा अशा खाड्यांतून शहर ओलांडते आणि मिंढोळा नदीच्या वाटेने समुद्राकडे जाते. जुलै २०२४ मध्ये आणि पुन्हा जून २०२५ मध्ये पर्वत पाटिया, कुंभारिया, सारोली, लिंबायत या भागांत पाणी शिरले ते या खाड्यांचे होते. त्यात उकाईचा दोष नव्हता. लिंबायतमध्ये खानदेशातून पोटासाठी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, हे आपण जाणतोच.

शेत जाते तेव्हा काय जाते?

एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख घनमीटर, म्हणजे दहा कोटी लिटर पाणी जमा होते. आपली काळी माती एकदा भिजली की फारसे पाणी शोषत नाही, त्यामुळे शेत असो वा इमारत, फरक काय, असे वाटणे साहजिक आहे. परंतु शेताला बांध असतो. ज्या भातखाचराचा बांध पाण्याच्या पातळीहून दहा सेंटिमीटर उंच आहे, ते हा सारा पाऊस अडवून धरू शकते आणि नंतर सावकाश सोडते. थोडक्यात, प्रत्येक बांधबंदिस्त शेत हा एक लहानसा तलावच आहे. त्यावर भराव घालून फरसबंदी केली म्हणजे तो तलाव बुजतो, आणि जे पाणी दोन दिवसांत उतरले असते ते दोन तासांत खाडीला येऊन मिळते. पाऊस तेवढाच, पण पूर मोठा.

मग खाडी रुंद करून काँक्रीटने बांधून काढावी, असे सुचविले जाते. त्याने वरच्या भागाची सुटका होते हे खरे. पण तेच पाणी अधिक वेगाने खालच्या वस्तीवर जाते. शिवाय समुद्राला भरती असताना खाडीचे तोंड अडलेले असते. भरतीनंतर ओहोटी पूर्ण व्हायला सुमारे सहा तास लागतात. तेवढा काळ पाणी वरच्या भागात थांबवून धरणे हे, तोंडाशी रुंदी वाढविण्याइतकेच महत्त्वाचे आहे. नदीकाठच्या पाळ्यांचीही दुसरी बाजू अशीच आहे. तापी चढली की पर्जन्यवाहिन्यांची दारे बंद करावी लागतात आणि आतील पाणी पंपांनीच उपसावे लागते. पाळ्याबरोबर पंप नसेल तर पाळाच पाणी कोंडून ठेवतो.

नियोजनाचा योग्य क्रम

यातून नियोजनाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम संपूर्ण पाणलोटाचा नकाशा, मग रस्ते आणि भूखंड. खाडीचे पात्र व दोन्ही काठ बांधकामापासून मुक्त ठेवावेत. गावतळी बुजवू नयेत. महामार्ग, रेल्वे व कालवे यांच्या भरावाखालील मोऱ्या आजच्या नव्हे, उद्याच्या वस्तीच्या हिशेबाने तपासाव्यात. सांडपाणी पर्जन्यवाहिनीत सोडू नये.

गुजरातेत टी.पी. स्कीमची सोय आहे. तीत जमीनमालकांकडून काही हिस्सा सार्वजनिक कामासाठी घेऊन उरलेले भूखंड नव्याने आखून परत देतात. त्या हिश्शातील सखल जागा एरवी मैदान व पावसाळ्यात साठवण तळे म्हणून राखता येईल. मात्र पाणलोट एक आणि पंचायत, सुडा, महापालिका, पाटबंधारे खाते व महामार्ग प्राधिकरण असे धनी अनेक. त्यांनी एकाच नकाशावर काम करणे, हे कोणत्याही पंपाहून अधिक मोलाचे ठरेल.

आपला वाटा

पुराचे दुसरे पर्व आपल्या दवाखान्यात सुरू होते. १९९४ मध्ये पूर ओसरल्यावर सुरतेवर प्लेगचे संकट आले. लेप्टोस्पायरोसिस तर दक्षिण गुजरातच्या पावसाळ्याचा नेहमीचा पाहुणा आहे. दूषित पाण्याच्या संपर्कानंतर साधारणतः ५ ते १४ दिवसांनी तापाचे रुग्ण दिसू लागतात. तेव्हा तापाच्या रुग्णास 'पाण्यात उतरला होतात का?' हा प्रश्न विचारणे, संशयित रुग्णांची वेळेवर नोंद कळविणे आणि चिखलपाण्यात काम करणाऱ्यांना डॉक्सिसायक्लीनच्या प्रतिबंधक मात्रेचा योग्य सल्ला देणे, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.

पण त्याहून महत्त्वाचे काम पावसाळ्याआधीचे आहे. कोणत्या गल्लीतून दरवर्षी असे रुग्ण येतात, हे आपल्या केसपेपरांवर लिहिलेले असते. रुग्णांची नावे वगळून ही माहिती एका नकाशावर मांडली, तर पाणी कोठे साचते याचा तो बोलका पुरावा ठरेल. टी.पी. स्कीमच्या मसुद्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. त्या मुदतीत हा नकाशा डॉक्टरांच्या सहीने सादर व्हावयास हवा.

कामरेजमध्ये अजून मोकळी जमीन आहे, गावतळी आहेत, ओढ्यांच्या वाटा ओळखू येतात. सुरतेला जी जागा आज घरे पाडून शोधावी लागते, ती येथे केवळ राखावयाची आहे. ती आपण राखली, तर आपलीच नव्हे, तर खाडीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या लिंबायतच्या बांधवांचीही घरे कोरडी राहतील.